टर्बो सीची जुनी डेटा फाइल जीसीसीत वाचताना

देवगडच्या बागायतदाराचा आंबापेट्यांचा हिशेब टर्बो सी या डॉसवरच्या सी कंपाइलरसाठी लिहिलेल्या जुन्या प्रोग्रामात आहे. 64-बिट लिनक्सवर जीसीसी या आजच्या कंपाइलरनं तो कंपाइल झाला, तरी फाइल वाचली की आकडे भलतेच. घोळ स्ट्रक्टच्या, म्हणजे एका रेकॉर्डच्या साच्याच्या मापाचा; दोन्हीकडे इंट आणि लाँग या पूर्णांक-प्रकारांचे बाइट वेगळे. 20 अक्षरांचं नाव, पेट्यांचा इंट, रकमेचा लाँग: जुना रेकॉर्ड 26 बाइटचा, नवा 32 चा.

1. far (फार), huge (ह्यूज) हे टर्बो सीचे पॉइंटरसाठीचे शब्द सरळ काढा, नाहीतर कंपाइलच होणार नाही.
2. स्ट्रक्टमध्ये इंटऐवजी इंट16_टी, लाँगऐवजी इंट32_टी लिहा. एवढ्यानं 28 बाइटच होतात, कारण कंपाइलर मध्ये रिकामे बाइट सोडतो; ते बंद करायला स्ट्रक्टआधी प्रॅग्मा पॅक(पुश, 1) आणि नंतर पॅक(पॉप) हवंच.
3. स्ट्रक्टचा साइझऑफ, म्हणजे बाइटमधलं माप, छापा. फाइलचा आकार त्यानं निःशेष भागला गेलाच पाहिजे. ही तपासणी अजिबात टाळू नका.

मूळ फाइलला हात लावू नका, सगळं कॉपीवरच करा. बागायतदाराकडे दुसरी प्रत बहुधा नसते.