मंदीत पोह्यांची खेप लहान ठेवावी

गिऱ्हाईक कमी झाले, तरी पोहे मात्र जुन्याच अंदाजाने भिजवले जातात आणि दुपारी उरलेले फेकून द्यावे लागतात. इंदुरात नाश्त्याची गाडी चालवणाऱ्या आपल्या कुटुंबांची कमाई मंदीच्या दिवसांत बहुतेक इथेच गळते.

यावर साधा उपाय असा, की आदल्या रात्री कोरडे पोहे एकेक किलोच्या पिशव्यांत भरून ठेवावेत आणि सकाळी त्यांतली एकच पिशवी भिजवावी. मोहरी, बडीशेप, हळद आणि मिरचीची फोडणी वेगळ्या पातेल्यात तयार असली, म्हणजे पुढची खेप झटपट लागते. वाफेवरच्या परातीत पोहे निम्म्यावर आले, की दुसरी पिशवी धुऊन निथळत ठेवावी. परात रिकामी होण्याची वाट पाहिली, तर घाईतले गिऱ्हाईक थांबत नाही. कोरडे पोहे उद्याही विकता येतात, भिजवलेले येत नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला पटलेले असावे.

प्रत्येक पिशवी फोडल्याची वेळ कॅलेंडरवर लिहावी. दोन-तीन आठवड्यांत रविवारची आणि मधल्या वारांची विक्री वेगळी दिसू लागते, आणि किराणा त्याच हिशेबाने भरता येतो.

मात्र बचतीच्या नादात प्लेटमधले पोहे, वरची शेव किंवा जीरावन (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) कमी करू नये, कारण हात आखडलेला रोजच्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी कळतो आणि तो शेजारच्या गाडीकडे वळतो.