जुन्या गाडीचे शॉकअप बदलताय? या चुका आधी वाचा

पहिली चूक माझीच सांगतो. पंधरा वर्षं वापरलेली गाडी, पुढून टकटक आवाज. मेकॅनिक म्हणाला, "मालक, शॉकअप गेले." दोन्ही पुढचे बदलले. दुसऱ्या दिवशी सोलापुरातल्या सात रस्त्याला पोचेपर्यंत तीच टकटक. आवाज होता लिंक रॉडचा, म्हणजे गाडीचा कल आवरणाऱ्या आडव्या बारला चाकाच्या बाजूशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा. काही शे रुपयांचा तो रॉड कुणी हलवूनच बघितला नव्हता.

शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवणं. ते संपलं की आवाजाआधी गाडीची चाल बिघडते. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा झुलते, ब्रेक दाबला की नाक खाली घालते, टायरवरून हात फिरवला तर रबर जागोजाग चढ-उतार झिजलेलं लागतं. बारीक खडीवर सावकाश जाताना येणारी टकटक बहुतेकदा लिंक रॉडची किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या लोखंडी हाताच्या) रबरी बुशची असते. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना कटकट होत असेल, तर शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो त्या माउंटिंगमधलं बेअरिंग बघा. दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगून स्प्रिंगला बाहेरून हात लावा, बोटं वेढ्यांत घालू नका. स्प्रिंग एकसारखी न फिरता झटके देत फिरली, तर बेअरिंग अडकतंय.

बोनेट दाबून सोडायची परीक्षा सगळेच करतात. तिच्यात नापास झालेला शॉकअप नक्की गेलेला असतो, पण पास झालेला चांगला असेलच असं नाही. आपल्याकडे खरी परीक्षा काळ्या मातीवरचे रस्ते घेतात. ही माती पावसात फुगते, उन्हात आक्रसून भेगाळते, त्यामुळे वरून सपाट दिसणाऱ्या डांबरातही लाटा पडतात. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानांतून जाणाऱ्या एखाद्या जुन्या आडरस्त्यावर गाडी होडीसारखी डुलायला लागली, की समजायचं.

तेलाचंही तसंच. शॉकअपवर धूळ चिकटलेला हलका ओलावा दिसला म्हणून तो लगेच बाद करू नका. पुसून घ्या, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा. तेलाचा ओघळ खालपर्यंत आला असेल तर मात्र तो गेला. आणि गाडी एका बाजूला "बसली" असेल तर दोष बहुधा स्प्रिंगचा. गाडीची उंची स्प्रिंग धरते, शॉकअप नाही. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबराचा बफर घालून गाडी उचलून देणारे भेटतात. त्याने दुखणं फक्त झाकलं जातं.

आता जिवावर बेतणारी चूक. मारुती ८००, सँट्रो, इंडिका अशा गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात. ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते आणि तिला धरून ठेवतो वरचा मधला नट. बोनेट उघडलं की तो समोरच दिसतो, म्हणून नवशिक्याचा पाना आधी त्याच्यावरच जातो. स्ट्रट गाडीतून काढायला त्याच्या भोवतालचे नट खोलायचे. मधला नट खोलायचा तो स्ट्रट बाहेर काढून, स्प्रिंग कंप्रेसरने दाबून, स्प्रिंग आपल्या बैठकीत हाताने हलायला लागल्यावरच. कंप्रेसरचे दोन हूक समोरासमोर लावा आणि आळीपाळीने थोडे थोडे फिरवा. तार किंवा दोरी बांधून हे काम करणारा कारागीर कितीही जुना असला तरी तिथून गाडी परत आणा. सुटलेली स्प्रिंग हाडं मोडते.

मागे बऱ्याच गाड्यांत शॉकअप वेगळा असतो, म्हणून काम सोपं वाटतं. पण चाकं लोंबकळत असताना ॲक्सलला खालून जॅकचा आधार न देता बोल्ट काढला, तर ॲक्सल खाली जातो आणि ब्रेकचा होज, म्हणजे तेलाची रबरी नळी, ताणला जातो. पुढेही खोललेला नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधून ठेवा. गाडी मात्र नुसत्या जॅकवर कधीच नको, स्टँड लावा.

नवा शॉकअप बसवताना दांडा फिरतो म्हणून त्याला पक्कड लावतात. चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की तो प्रत्येक हिसक्याला सील कापत राहतो, आणि महिन्याभरात नवा शॉकअप ओघळतो. दांड्याच्या टोकाला पाना धरायची सोय असते, ती वापरा. शॉकअप दुकानात आडवा पडून असेल तर उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढा, आत अडकलेली हवा वर येते. आणि डावा-उजवा नीट बघून घ्या. होजची पट्टी उलट्या बाजूला आल्यावर कळतं, तोवर सगळं जोडून झालेलं असतं.

एकाच बाजूचा बदलू नका, जोडीच बदला. जुनं माउंटिंग, बंप स्टॉप (शेवटचा धक्का झेलणारा रबरी तुकडा) आणि धुळीचं रबरी कव्हर "अजून चालेल" म्हणून परत घालणं ही मला सगळ्यांत न पटणारी काटकसर. चाळीस अंशांपारचे उन्हाळे खाऊन ते रबर कडक झालेलं असतं, आणि त्याच्यासाठी पुन्हा सगळं खोलायची मजुरी त्याच्या किमतीपेक्षा जास्त पडते.

एक चूक भल्याभल्यांकडून होते. मागच्या शॉकअपच्या डोळ्यातला किंवा लोअर आर्मचा रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. चाक लोंबत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी जमिनीवर आली की बुश कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. बोल्ट हलका धरून ठेवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग शेवटचा आवळा द्या. स्ट्रट नकलला जोडणारे खालचे दोन बोल्ट याला अपवाद, तिथे रबरच नसतं. पण ते काढण्याआधी त्यांच्या जागेवर खुणा करा, कारण भोकांतल्या सैलपणामुळे चाकाचा कल बदलतो. खुणा केल्या तरी अलाइनमेंट करून घ्याच.

निघण्याआधी स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून होज आणि एबीएसची वायर कुठे घासत किंवा ताणत नाही ना, ते टॉर्च लावून बघा. शंभर-दोनशे किलोमीटर झाले की सगळे नट एकदा परत तपासा.