गच्चीवर सौर पॅनेल बसवताना : नागपूरच्या उन्हाचा हिशेब

मानकापूरच्या आमच्या गच्चीवरून हवा स्वच्छ असलेल्या सकाळी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी दिसतात. ग्रिडमधील बहुतांश वीज अजूनही कोळशाचीच असल्यामुळे तिच्या प्रत्येक युनिटमागे सरासरी 700 ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तीन किलोवॉटची यंत्रणा येथे वर्षाकाठी चार हजारांच्या आसपास युनिट देते, म्हणजे सुमारे पावणेतीन टनांचा भार टळतो. पॅनेल घेण्यामागे माझे कारण हेच होते. बिल कमी होणे हे नंतरचे.

सुरुवात विजेच्या बिलापासून करावी. त्यावर मागील बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. बहुतेक विक्रेते वर्षाच्या बेरजेला बाराने भागून यंत्रणेचा आकार सांगतात आणि नागपुरात नेमके येथेच चुकते. समजा, एका घराचा वापर एप्रिल ते जून दरमहा 450 युनिट आणि उरलेले नऊ महिने 170 युनिट आहे. सरासरी येते 240, आणि दोन किलोवॉटची यंत्रणा महिन्याला सरासरी तितकीच वीज देते. वर्षाचा हिशेब कागदावर बरोबर जुळतो. परंतु नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे जादा वीज ग्रिडला देऊन ती नंतरच्या वापरातून वजा करण्याच्या व्यवस्थेत, जमा झालेले युनिट आर्थिक वर्षापुरतेच पुढे ओढले जातात. 31 मार्चला जे शिल्लक राहतात त्यांचे पैसे तुलनेने कमी दराने मिळतात आणि खाते कोरे होते. कूलर माळ्यावरून उतरतात ते त्यानंतर. म्हणजे पावसाळ्यापासून साठवलेले 630 युनिट उन्हाळ्याच्या तोंडावर हातचे जातात आणि तेवढ्याच युनिटांचे बिल पुढच्या तीन महिन्यांत भरावे लागते. म्हणून उन्हाळ्यासाठी पॅनेल वाढवण्याआधी उन्हाळ्याचा वापर उतरवावा. दीड टनाचा एसी ताशी सव्वा ते दीड युनिट घेतो, तर कूलर साधारण दोनशे वॅटवर चालतो. समोरची खिडकी उघडी ठेवून वाळ्याच्या ताट्या वेळेवर बदलल्या, तर मे महिन्यातील कोरड्या हवेत कूलरचे बरेच भागते. स्लॅबला चुन्याचे दोन हात द्यावेत. खर्च किरकोळ, फरक दुपारीच कळतो.

आता सावली. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. आमच्याकडील ठेकेदाराने मे महिन्यात पाहणी केली, तेव्हा भर दुपारी सावली पायाखाली होती आणि पाण्याची टाकी कुणालाच आड आली नाही. डिसेंबरात त्याच टाकीची सावली दोन पॅनेलवर सरकली आणि एकाच साखळीत जोडलेली सगळी यंत्रणा मंदावली. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात नागपुरात मध्यान्हीचा सूर्य सुमारे 45 अंशांवर असतो, त्यामुळे वस्तूची उत्तरेकडे पडणारी सावली जवळजवळ तिच्या उंचीएवढी होते. सकाळी आणि संध्याकाळी ती आणखी लांबते. तेव्हा दक्षिणेच्या टाकीपासून किंवा कठड्यापासून निदान त्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडावे. पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल वीस अंशांच्या आसपास असावा.

ऊन जितके जास्त तितकी वीज जास्त, हा समज सोडावा. पॅनेलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, काचेखाली तापमान 65 अंशांपर्यंत चढते आणि दर अंशामागे सुमारे 0.35 टक्के याप्रमाणे उत्पादन चौदा टक्क्यांनी उतरते. म्हणून पॅनेल स्लॅबला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल असा सांगाडा घ्यावा, आणि तो मेअखेरच्या वादळात टिकावा म्हणून अँकर बोल्ट तसेच अर्थिंग स्वतः उभे राहून तपासावे.

पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉट व त्यावरील घरगुती यंत्रणेला 78,000 रुपये अनुदान मिळते. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर करावा, विक्रेता नोंदणीकृत असावा आणि पॅनेल देशी बनावटीच्या सेलचे असावेत. गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये आहेत. भाडेकरूच्या हाती मात्र यातून फारसे काही पडत नाही, आणि धोरणातील ही उणीव मला खटकते.

वीज गेली की ही यंत्रणाही बंद पडते, कारण लाइनवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. भर दुपारी पंखा बंद पडला म्हणून घरच्यांनी मला बरेच ऐकवले. तुम्ही त्यांना हे आधीच सांगून ठेवावे. पॅनेल आठ-पंधरा दिवसांनी पहाटे धुवावेत. तापलेल्या काचेवर थंड पाणी ओतू नये आणि बोअरचे जड पाणी टाळावे, त्याचे पांढरे डाग बसतात.

नवा मीटर बसल्यावर पहिल्या दोन बिलांवर ग्रिडला पाठवलेल्या युनिटांचा आकडा पाहावा. तो इन्व्हर्टरच्या आकड्याशी जुळणार नाही, कारण दिवसा घरात वापरलेली वीज मीटरपर्यंत पोहोचतच नाही. मात्र तो शून्य दिसला, तर मीटरच्या जोडणीची तक्रार त्याच दिवशी लेखी द्यावी.