व्होल्टेज बदलता येणारी व्हेप शोधताय? आधी या चुका टाळा

तपकीर गल्लीपासून चार पावलांवर असलेल्या आमच्या दुरुस्तीच्या दुकानात मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर यांच्या जोडीने हल्ली व्हेपही, म्हणजे ई-सिगारेटही, येऊ लागल्या आहेत. गेल्या पावसाळ्यात हिंजवडीला नोकरी करणारा एक तरुण अशीच एक घेऊन आला. “काका, सिगारेट सुटावी म्हणून घेतली, पण घशाची नुसती आग होते. मला मानवेल अशी दुसरी कुठली घेऊ?” असे त्याने विचारले. लिक्विडची, म्हणजे वाफ करायच्या द्रवाची, टाकी उघडून कॉइल (त्या द्रवाची वाफ करणारी तापती तार) बाहेर काढली, तेव्हा तिच्याभोवतीचा पांढरा कापूस निम्म्याहून अधिक काळा पडून कडक झालेला होता आणि करपलेल्या साखरेसारखा वास टेबलभर पसरला. व्होल्टेजचे चाक ४.८ वर होते.

सर्वांत जास्त आढळणारी चूक इथेच होते: व्होल्टेजचा आकडा सुटा पाहिला जातो. कॉइल किती तापणार हे व्होल्टेज आणि कॉइलचा रोध या दोहोंवर ठरते. व्होल्टेजच्या वर्गाला रोधाने भागले की वॅट मिळतात. त्याची कॉइल मल्टिमीटरवर १.२ ओहम भरली. म्हणजे ३.७ व्होल्टला सुमारे ११.४ वॅट आणि ४.८ व्होल्टला १९.२ वॅट. चाक फिरवून त्याने व्होल्टेज सुमारे ३० टक्क्यांनी वाढवले होते, पण कॉइलवर पडणारी उष्णता सुमारे ६८ टक्क्यांनी वाढली होती. त्याच चाकावर २ ओहमची कॉइल बसवली, तर हेच ११.५ वॅट होतात. त्यामुळे “मित्र ४.८ वर ओढतो, म्हणून मीही” या हिशेबाला काही अर्थ राहत नाही.

ही जास्तीची उष्णता जाते कुठे? लिक्विडमधले प्रोपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. कापूस ओला आहे तोवर वाफ होताना उष्णता खर्ची पडते. ग्लिसरीन दाट असल्याने कापसात सावकाश चढते. वॅट वाढवून लागोपाठ झुरके घेतले की कापूस कोरडा पडतो, तापमान झपाट्याने चढते आणि द्रावकांचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड व ॲक्रोलीन यांसारखी द्रव्ये तयार होतात. २०१५ साली अमेरिकी संशोधकांनी एका उपकरणाची वाफ तपासली, तेव्हा ३.३ व्होल्टला फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगे आढळली नाहीत, पण ५ व्होल्टला ती भरपूर आढळली. इतकी करपट वाफ कोणी ओढणारच नाही, असा आक्षेप त्यावर घेतला गेला आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. मात्र आमच्या टेबलावरचा तो काळा कापूस पाहता, माणसे ती ओढतात असे मला दिसते. व्होल्टेज कमी ठेवल्याने वाफ निर्धोक होते, असाही अर्थ यातून काढू नये.

बॅटरीबाबतची चूक अधिक तातडीची आहे. अशा व्हेपमध्ये बसणारा १८६५० या नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो आणि वापरात खाली येत जातो. त्यातून ४.८ व्होल्ट मिळवायचे तर आतल्या सर्किटला व्होल्टेज चढवावे लागते, आणि त्यासाठी १९.२ वॅटला सेलमधून साडेपाच-सहा अँपिअर ओढले जातात. नाव बदलून नवे आवरण चढवलेला सेल हा भार झेपवेलच असे नाही. सेलचा सगळा धातूचा डबा हा ऋण टोक असतो आणि वरच्या धन टोकापासून तो एका बारीक कडीनेच वेगळा राहतो. आवरण फाटलेला सेल गाडीच्या किल्ल्यांसोबत खिशात टाकणे म्हणजे खिशात आग बाळगणे आहे.

या साऱ्याच्या आधीची चूक कायद्याची आहे. १८ सप्टेंबर २०१९ पासून भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात यांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. साठा करण्यासाठी वेगळी शिक्षा आहे. “माझ्यात निकोटिन नाही, फक्त फ्लेवर आहे” हा बचावही चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत निकोटिन असलेली आणि नसलेली, दोन्ही उपकरणे येतात. दुबईहून येताना बॅगेत आणणे हीसुद्धा आयातच ठरते. लपून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या सेलची, कॉइलची किंवा लिक्विडची खात्री देणारे कोणीही नसते. म्हणून “कुठली घेऊ?” या प्रश्नाला माझे उत्तर, घेऊ नकोस, असेच होते.

मग गरज कशी भागवायची? त्या तरुणाची गरज व्होल्टची नव्हती, निकोटिनची होती. व्होल्टेज, कॉइल, लिक्विड आणि झुरक्याची लांबी अशा चार गोष्टी एकदम बदलत असताना शरीरात किती निकोटिन जाते हे त्याला कळणे शक्यच नव्हते. औषधाच्या दुकानातल्या निकोटिन गममध्ये मात्र ते मोजलेले असते: २ किंवा ४ मिलिग्रॅम. झोपेतून उठल्यावर ३० मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर सहसा ४ मिलिग्रॅमचा विचार होतो; तो डॉक्टरांच्या सल्ल्याने करावा, आणि हृदयविकार किंवा गर्भारपण असेल तर सल्ल्यावाचून काहीच घेऊ नये. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर समुपदेशन मोफत मिळते.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला: “काका, गमचा काही उपयोग होत नाही.” कधी खातोस, असे विचारल्यावर कळले की टपरीवर चहा घेता घेता तो गम साध्या च्युइंगमसारखा सलग चघळत होता. चहा-कॉफीमुळे तोंडात आम्लता वाढते आणि निकोटिन नीट शोषले जात नाही. सलग चघळल्यास ते लाळेबरोबर पोटात जाते आणि उचक्या लागतात. चहानंतर पंधरा मिनिटे थांबायचे, जिभेला चुणचुण लागेपर्यंत गम सावकाश चघळायचा, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चुणचुण ओसरली की पुन्हा चघळायचा, असे सुमारे अर्धा तास करायचे. दुसऱ्या दिवसापासून त्याने चहा आधी उरकून घ्यायला सुरुवात केली.