क्रूझवरचं क्रेडिट लॅप्स होऊ देऊ नका: या चुका टाळा

बँकेत काउंटरच्या आत बसून माझी तेहतीस वर्षं गेली. त्यामुळे असेल, पण 'फुकट मिळालंय' असं कुणी म्हणालं की मी आधी कागद उलटून मागची बाजू वाचते. मुलगा ह्यूस्टनला गेल्यापासून गॅल्व्हेस्टन बंदरातून आमच्या चार क्रूझ झाल्या, एक सिंगापूरहून झाली. दर वेळी बरोबर कुणी ना कुणी नातेवाईक असतात आणि दर वेळी शेवटच्या रात्री केबिनच्या दारावर टकटक होते. "वहिनी, आमचं क्रेडिट शिल्लक आहे हो, त्याचं काय करायचं?" आठवडाभर बोटीवर होतात, तेव्हा नाही विचारलंत. आता रात्री नऊ वाजता मी काय सांगणार?

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. बोटीवर रोख पैसे चालत नाहीत. चढताना एक कार्ड हातात देतात, ते केबिनची किल्लीही असतं आणि उधारीची वहीही. कॉफी, वाय-फाय, फोटो, स्पा, सगळं त्या खात्यावर चढतं आणि शेवटी तुमच्या क्रेडिट कार्डातून वळतं होतं. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे याच खात्यात कंपनीने किंवा एजंटने आधीच जमा केलेली रक्कम. पन्नास डॉलरपासून काही शेपर्यंत कितीही असू शकते. लोकांना ती बक्षिसाची रोकड वाटते. ती रोकड नसते.

क्रेडिट आहे, आणि टिप्सही आधीच भरून टाकल्या

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता कुणाचं बुकिंग कळलं की पहिला प्रश्न हाच विचारते.

अमेरिकन बोटींवर माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर टिप आपोआप खात्यावर लागते. तान्ह्या बाळांना काही ठिकाणी सूट असते, बाकी सगळ्यांना लागते. सात रात्री, दोन माणसं आणि 17 डॉलर धरले तर 238 डॉलर झाले. हा खर्च टळत नाही. एजंट बुकिंगच्या वेळीच गोड बोलून विचारतो, "टिप्स आत्ताच भरून टाकू का, म्हणजे डोक्याला ताप नको?" आपल्या लोकांना डोक्याला ताप नकोच असतो, ते भरून मोकळे होतात.

आमचे धाकटे दीर आणि जाऊबाई असेच मोकळे झाले होते. एजंटने 300 डॉलरचं क्रेडिट दिलं होतं, नॉन-रिफंडेबल. म्हणजे वापरलं तर तुमचं, उरलं तर बोट धक्क्याला लागताना कंपनीचं. दोघंही पक्के शाकाहारी, दारूला स्पर्श नाही, स्पाचं नाव काढलं तर जाऊबाई लाजतात. जेवण भाड्यात धरलेलंच. सहा दिवसांत दोघांनी मिळून खर्च केले चाळीस डॉलर, तेही कॉफी आणि एका फोटोवर. मी दोनदा विचारलं, "भाऊजी, क्रेडिटचं बघितलंत का?" तर म्हणाले, "असू दे वहिनी, शेवटी काहीतरी मोठं घेऊ."

शेवटच्या संध्याकाळी बोटीवरच्या दुकानांत काय असतं ते ज्याने पाहिलं आहे त्यालाच कळेल. दादरच्या फूलबाजारात दसऱ्याच्या आदल्या दिवशी असते तशी गर्दी. टेबलांवर घड्याळांचे ढीग, वर '50 टक्के सूट'च्या पाट्या, आणि आपल्यासारखेच सगळे, ज्यांचं क्रेडिट त्या रात्री मरणार आहे. भाऊजींनी 339 डॉलरचं घड्याळ घेतलं. क्रेडिट उरलं होतं 260. म्हणजे फुकटचे पैसे संपवण्यासाठी पदरचे 79 डॉलर घातले. ते घड्याळ गणपतीत बंद पडलं. डोंबिवलीच्या घड्याळजीने सेल बदलला, उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, असलं मी तुम्हाला अडीच हजारांत दिलं असतं.

आता हाच हिशेब उलटा मांडा. टिप्स आधी भरल्या नसत्या तर 238 डॉलर आपोआप क्रेडिटमधून गेले असते. चाळीसचा किरकोळ खर्च धरून 278. उरले असते 22 डॉलर. तेवढ्यात एखादी धुण्याची पिशवी झाली असती. काही बोटींवर सफरीच्या मध्यावर ठरावीक पैशांत पिशवीभर कपडे धुऊन, घडी करून देतात. घरी धुतलेले कपडे घेऊन परतण्यासारखं सुख नाही, आणि याचा विचार एकही पुरुष करत नाही.

तेव्हा माझी सवय अशी: क्रेडिट नॉन-रिफंडेबल असेल तर टिप्स आधी भरायच्या नाहीत. बुकिंगमध्ये त्या आपोआप जोडल्या असतील तर एजंटला फोन करून काढायला लावायच्या. तो कुरकुरेल, कुरकुरू द्या. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा, शेअरहोल्डर क्रेडिट, म्हणजे कंपनीचे शेअर नावावर असल्याबद्दल मिळणारं क्रेडिट, टिप्सना चालत नाही. त्याबद्दल पुढे सांगते.

क्रेडिट कोणत्या जातीचं आहे ते न विचारणं

रिफंडेबल की नॉन-रिफंडेबल, हा एकच शब्द विचारायचा आणि उत्तर ईमेलवर घ्यायचं. रिफंडेबल असेल तर उरलेली रक्कम परत मिळते, मग दुकानात धावायचं कारणच नाही. एकाच बुकिंगवर दोन्ही जातींची क्रेडिट असू शकतात. मग कोणतं आधी खर्ची पडेल तेही विचारून घ्या.

ते कुणाच्या नावावर आहे हेही बघा. बऱ्याचदा सगळं क्रेडिट केबिनमधल्या पहिल्या प्रवाशाच्या खात्यावर बसतं. नवऱ्याच्या नावावर 200 आणि बायकोच्या कार्डावर तिची खरेदी, असं झालं तर बायकोचं बिल बँकेतून जातं आणि नवऱ्याचं क्रेडिट तसंच पडून राहतं. चढल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन दोन्ही खाती जोडून मागा. दोन मिनिटांचं काम आहे, पण पहिल्या दिवशी सगळ्यांना बुफेकडे पळायचं असतं.

शेअर घेतले आणि अर्ज करायचं विसरले

कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे किमान 100 शेअर नावावर असले की सफरीगणिक क्रेडिट मिळतं. कार्निव्हलचं कोष्टक असं: 6 दिवसांपर्यंत 50 डॉलर, 7 ते 13 दिवसांना 100, चौदा किंवा अधिक दिवसांना 250. एका केबिनला एकच. ते आपोआप येत नाही. दर वेळी सफरीच्या बरंच आधी, शेअर नावावर असल्याचा पुरावा जोडून अर्ज करावा लागतो. कॅसिनो आणि टिप्स यांना ते लागू नाही, रोखीतही मिळत नाही. अमेरिकेतल्या आपल्या मुलांकडे हे शेअर असतात आणि अर्ज मात्र कुणी केलेला नसतो. निव्वळ या 100 डॉलरसाठी शेअर घेऊ नका, हेही सांगून ठेवते. 2020 साली कोविडमुळे सगळ्या बोटी बंदरात उभ्या होत्या तेव्हा हे शेअर कसे कोसळले ते आठवा.

शिल्लक बघून समाधान मानणं

ही माझी स्वतःची चूक. बँकवाली असून केली, म्हणून जास्त लागली.

मुलगा, सून, नऊ वर्षांचा नातू आणि आम्ही दोघं, अशी ती सफर होती. मुलाच्या केबिनवर 250 डॉलरचं क्रेडिट होतं. मी रोज रात्री ॲपवर खातं उघडून बघत होते. शिल्लक उणे दिसायची, म्हणजे अजून क्रेडिट बाकी आहे, कुणाला काही देणं नाही. फोन बंद करून झोपत होते. चौथ्या रात्री सहज नोंदींची यादी उघडली तर एकाखाली एक, दोन डॉलर, तीन डॉलर, दोन डॉलर, अडीच डॉलर. पडदा वर सरकवतेय, यादी संपतच नाही. आर्केड. बोटीवरचा व्हिडिओ गेमचा कक्ष. नातवाच्या हातात दारासाठी म्हणून दिलेलं कार्ड उधारीलाही चालत होतं आणि तो प्रत्येक यंत्रावर ते दाखवत सुटला होता. तीन संध्याकाळी मिळून 94 डॉलर.

त्याला विचारलं तर म्हणाला, "आजी, ते पैसे मागतच नव्हतं." खरंच होतं त्याचं. मलाही कुठे मागितले होते? क्रेडिट असलं की खर्च दुखत नाही, कारण आकडा उणेच राहतो. काउंटरवर आयुष्यभर लोकांना सांगितलं की पासबुकात शेवटचा आकडा बघू नका, ओळी वाचा. आणि मी काय केलं?

लहान मुलांच्या कार्डावरची उधारी चढल्या दिवशीच बंद करून घ्या किंवा त्याला मर्यादा घाला, काउंटरवर लगेच करून देतात. आणि रोज रात्री नोंदी वाचा, शिल्लक नाही. चुकीची नोंद त्याच दिवशी दाखवली तर समोरचा लगेच काढतो. सात दिवसांनी दाखवली तर तो पावती शोधायला आत जातो.

आणखी काही, भराभर

किंमतफलकावरचा आकडा शेवटचा नसतो. पेयांवर आणि स्पावर बहुतेक ठिकाणी वरून 18 ते 20 टक्के सेवाशुल्क लागतं. बारा डॉलरचं मॉकटेल चौदाच्या वर जातं.

दारूचं पॅकेज, म्हणजे रोजचे ठरावीक पैसे भरून पेयं, क्रेडिटमधून घ्यायचा विचार असेल तर थांबा. अनेक कंपन्यांत एका केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावंच लागतं. नवरा पिणारा आणि बायको लिंबूपाणीवाली, तर दोघांचे पैसे जातात. 'मग मीपण वसूल करते' असं म्हणणाऱ्या एक बाई मला माहीत आहेत. दुसऱ्या दिवशी त्या मेक्सिकोतल्या कोझुमेल बंदरात उतरूच शकल्या नाहीत.

वाय-फाय, पेयं, जादा पैशांची वेगळी रेस्टॉरंट हे निघण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर बरेचदा स्वस्त असतं, पण तिथे तुमचं क्रेडिट चालेलच असं नाही. मी वाय-फाय आधी घेते, एकाच फोनपुरतं. बाकीचं बोटीवर.

स्पा बंदराच्या दिवशी स्वस्त, कारण सगळे खाली उतरलेले असतात.

दुकानं आणि कॅसिनो बोट बंदरात असताना बंद असतात. सिंगापूरहून तीन-चार रात्रींची, पेनांग-फुकेतची सफर असेल तर दुकानांच्या उघड्या वेळा मोजून थोड्या मिळतात. 'नंतर बघू' तिथे चालत नाही.

किनाऱ्यावरची सहल बोटीवर क्रेडिटमधून घेणार असाल तर शेवटच्या बंदराची घेऊ नका. बेलीझ किंवा ग्रँड केमन अशा ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, लहान होड्यांतून उतरवतात. समुद्र खवळला की ते बंदरच रद्द. पैसे परत येतात, पण तुमच्या बोटीवरच्या खात्यात. मग पुन्हा घड्याळांचं टेबल.

खात्याला डेबिट कार्ड जोडू नका. बोट अधूनमधून त्यावर रक्कम अडकवून ठेवते आणि ती सुटायला उतरल्यावर कित्येक दिवस लागतात. भारतातलं क्रेडिट कार्ड असेल तर परकीय चलनाचा अधिभार किती ते बँकेला विचारा, साडेतीन टक्केही असतो. 'रुपयांत बिल करू का?' असं विचारलं तर नाही म्हणा.

फोन एअरप्लेन मोडवर. यावर मी चर्चा करत नाही.

टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी 'टिप्स समाविष्ट' हे शब्द वाचून खूश होण्याआधी विचारावं, बोटीच्या टिप्स की बस ड्रायव्हरच्या? आणि बुकिंगवर काही क्रेडिट आलं आहे का, तेही विचारावं. न विचारता कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

पुढची क्रूझ बोटीवरच बुक केली तर क्रेडिट मिळतं, हे खरं. पण ते पुढच्या सफरीला की याच सफरीला, अनामत परत मिळते की नाही, हे विचारल्याशिवाय सही करू नका. त्या टेबलावरची मुलगी फार गोड बोलते आणि तुम्ही सूर्यास्त बघून आलेले असता.

शेवटच्या सकाळची रांग

अंतिम बिल रात्रीत तयार होतं. सकाळी सहा-साडेसहाला गेस्ट सर्व्हिसेससमोर जी रांग लागते तिच्यात निम्मे लोक क्रेडिटचंच विचारत असतात. त्यांना एकच उत्तर मिळतं की खातं बंद झालं. म्हणून मी आदल्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास जाते, तेव्हा सगळे चहाला गेलेले असतात. छापील बिल मागते, पेन्सिलने टिकमार्क करते. काउंटरवरच्या मुलाला एकदा वाटलं मी ऑडिटर आहे. किरकोळ काही उरलं असेल तर खालच्या दुकानातून दाढदुखीची गोळी, सनस्क्रीन, टूथपेस्ट असलं घेते. मागच्या खेपेला चार डॉलर साठ सेंट उरले होते, त्यात एक चॉकलेट आलं. ते आम्ही उतरायच्या रांगेतच संपवलं.