ट्रिप पुढे ढकलली, क्लेम अडकला : इंदूरहून माझा अनुभव

आजारपणामुळे ट्रिप पुढे ढकलली, आणि प्रवास विम्याचा क्लेम अडकला तो एका शब्दावर. फॉर्ममध्ये ‘ट्रिप रद्द’ लिहिलं होतं, पण तिकिटाची फक्त तारीख बदललेली. रद्द आणि पुढे ढकलणं या विम्याच्या भाषेत वेगळ्या गोष्टी. पुढे ढकलल्यावर पूर्ण भाडं मागायचंच नाही. तारीख बदलल्याची फी, भाड्यातला फरक आणि हॉटेलनं परत न केलेली रक्कम एवढंच मागायचं, तेही पॉलिसीत असेल तर. भाड्यातला फरक बऱ्याच पॉलिसींत नसतो.

खरी गोम डॉक्टरांच्या कागदात. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘१५ दिवस विश्रांती’ चालत नाही. लेटरहेडवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत प्रवासास अयोग्य’ असं सही-शिक्का-रजिस्ट्रेशन नंबरासह लिहून घ्या, आणि मूळ प्रवासाची तारीख त्या मुदतीत पडतेय ना, ते तिथंच बघा. आजारी आई-वडील असतील तर नात्याचा पुरावा लागतो. आमच्या मध्य प्रदेशात समग्र परिवार कार्ड (कुटुंबातल्या सदस्यांची नोंद असलेलं राज्य सरकारचं कार्ड) जोडून बघावं, नाहीतर आई-वडिलांची नावं असलेलं पासपोर्टचं शेवटचं पान आहेच.

जुनं तिकीट, नवं तिकीट, फीचं इन्व्हॉइस, हॉटेलची ‘रिफंड नाही’ अशी मेल, कॅन्सल्ड चेक. सगळं एकाच पीडीएफमध्ये.

पॉलिसीच्या तारखाही लगेच बदलून घ्या. मुदत एकदा सुरू झाली की सहसा बदलत नाहीत.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर भोपाळचे विमा लोकपाल. फी शून्य, तिथं तक्रार करायची मुदत एक वर्ष.