स्पॅनिश शिकताय? देश बदलला की होणाऱ्या या चुका टाळा

क्लासमध्ये बी-टू ही वरची मध्यम पातळी पूर्ण झालेली असते, व्याकरण चोख असतं, आणि मग मेक्सिकोच्या क्लायंटचा पहिला कॉल येतो. सगळं डोक्यावरून जातं. आपलीच भाषा कच्ची, असं समजून मंडळी पुन्हा क्रियापदांचे तक्ते घोकायला बसतात. दुखणं बहुतेक वेळा वेगळंच असतं: पुस्तक माद्रिदचं आणि समोरचा माणूस दुसऱ्याच खंडातला.

'खरी स्पॅनिश स्पेनचीच' हा हट्ट

पुण्याची मराठी तेवढी शुद्ध म्हणणारे असतात ना, तसंच हे. स्पेनच्या मध्य आणि उत्तर भागात 'ग्रासियास' म्हणजे धन्यवाद, त्याचं 'ग्राथियास' होतं. सेव्हिल शहर, कॅनरी बेटं आणि अख्खी लॅटिन अमेरिका मात्र 'स'च म्हणते. अमेरिकेकडे जाणारी जहाजं सेव्हिलहून सुटायची, त्यामुळे तिकडच्या बोलीवर दक्षिण स्पेनची छाप जास्त. एका बोबड्या राजाची नक्कल करता करता 'थ' रुळला, ही नेटवर फिरणारी गोष्ट निव्वळ थाप आहे. माद्रिदचा माणूस 'कासा' म्हणजे घर म्हणताना 'स' अगदी स्वच्छ उच्चारतो. 'काथा' म्हणजे शिकार म्हणतानाच त्याची जीभ दातांमध्ये येते.

तुम्हाला हा 'थ' काढायचाच असेल तर 'थंडी'तला नको. आपला थ झटक्यात सुटतो; इथे जिभेचं टोक दातांमध्ये ठेवून हवा सरकत राहिली पाहिजे. जमत नसेल तर सरळ 'स' म्हणा, जगातले बहुतेक स्पॅनिशभाषक तेच करतात. एका वाक्यात 'थ' आणि पुढच्यात 'स', ही खिचडी मात्र नको.

जाता जाता: इंग्रजीच्या वाटेने आलेला 'ट' कुठल्याच देशात चालत नाही. 'टॅको' नव्हे, 'ताको'. हा त आपल्या घरचाच आहे, वापरा की.

गिळलेला 'स' न ओळखणं

क्यूबा, पोर्तो रिको, चिली, स्पेनचा अंदालुसिया प्रांत: इथे अक्षराच्या शेवटी येणारा 'स' नुसता 'ह' होतो किंवा गायबच होतो. 'एस्तास' ऐकू येतं 'एहताह'. 'मास ओ मेनोस'चं 'मा-ओ-मेनो' होतं. शिकणारा शेवटच्या 'स'वरून अनेकवचन ओळखायला बसलेला असतो आणि तो 'स' येतच नाही. उपाय असा की शेपटीकडे न बघता शब्दाच्या आधी कान लावा. 'एल' आलं तर एकवचन, 'लो' आलं तर 'लोस'मधला 'स' गिळलाय, म्हणजे अनेकवचन. पोर्तो रिकोत त्यात भर म्हणून अक्षराच्या शेवटचा 'र' पुष्कळदा 'ल'कडे झुकतो. तिथले लोक स्वतःच्या बेटाला 'पुएल्तो रिको' म्हणताना सहज ऐकू येतील.

ब्युनोस आयर्सला वेगळीच गंमत. 'यो' म्हणजे मी, त्याचं 'शो' होतं आणि रस्त्याला 'काये'ऐवजी 'काशे' म्हणतात. हे एकदा कळलं की निम्मा गोंधळ तिथेच संपतो.

तू, तुम्ही आणि वोस

स्पॅनिशमधला 'तू' म्हणजे आपला 'तू'च, त्यामुळे मराठी माणूस इथे निर्धास्त असतो. पण अर्जेंटिना, उरुग्वे आणि मध्य अमेरिकेच्या बऱ्याच भागात तूऐवजी 'वोस' चालतं आणि त्याबरोबर क्रियापदही बदलतं. 'तू तिएनेस' (तुझ्याकडे आहे) याचं 'वोस तेनेस', 'तू एरेस' (तू आहेस) याचं 'वोस सोस'. चूक होते ती अर्धीच नक्कल केल्यावर. 'वोस तिएनेस' अर्जेंटिनात लगेच कानाला खटकतं. धड येत नसेल तर 'तू'च वापरा, कुणी रागावत नाही.

मित्रांच्या घोळक्याला 'वोसोत्रोस' म्हणजे 'तुम्ही सगळे' म्हणणं ही स्पेनच्या पुस्तकाची देणगी. लॅटिन अमेरिकेत ते बायबलमधून उचलल्यासारखं वाटतं, तिथे सगळ्यांना 'उस्तेदेस'. आणि बोगोतात मित्रच काय, नवराबायकोही एकमेकांना 'उस्तेद' म्हणजे आदराचं 'तुम्ही' म्हणताना दिसतील. भांडण झालंय असं समजू नका.

शब्द तोच, घोटाळा वेगळा

सगळ्यात महागात पडणारं क्रियापद 'कोखेर'. स्पेनमध्ये बस पकडायची, पेन उचलायचं, सगळं 'कोखेर'. मेक्सिको आणि अर्जेंटिनात त्याचा अर्थ शय्यागृहातला, तोही शिवराळ. तिथे बससाठी 'तोमार' म्हणा. ते स्पेनमध्येही समजतं, म्हणून पहिल्यापासून तीच सवय लावलेली बरी.

बाकीचे शब्द फार तर हसं करतात. 'ग्वाग्वा' म्हणजे क्यूबात बस, चिलीत तान्हं बाळ. कोलंबियात 'तिंतो' मागितलात तर काळी कॉफी येईल, स्पेनमध्ये लाल वाइन. 'तोर्ता' बऱ्याच देशांत केक, मेक्सिकोत भरलेला पाव.

कामाच्या दृष्टीने धोकादायक शब्द आहे 'आओरीता', शब्दशः 'आत्ताच'. मेक्सिकन क्लायंट 'आओरीता पाठवतो' म्हणाला की ते आत्ता असेल, संध्याकाळी असेल किंवा कधीच नसेल. फाइलची वाट बघत बसण्यापेक्षा तिथल्या तिथे 'आ के ओरा?' म्हणजे किती वाजता, असं विचारून घ्या. आणि त्याचं बोलणं ऐकू आलं नाही तर नुसतं 'के?' म्हणू नका. तिकडे, विशेषतः वडीलधाऱ्यांपुढे, ते उद्धट वाटतं. 'मान्दे?' किंवा 'कोमो?' म्हणा.

परीक्षेसाठी कुठली?

इन्स्तितूतो सेर्वांतेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या देले या स्पॅनिशच्या परीक्षेत कुठल्याही देशाची प्रमाण बोली चालते. ऐकण्याच्या भागातही वेगवेगळ्या देशांचे उच्चार असतात. बोलायला एक बोली धरा, ती तुमचं काम किंवा नातलग जिथे असतील तिथली. ऐकायला मात्र आठवड्याला देश बदला. रेडिओ आंबुलांते या पॉडकास्टमध्ये लॅटिन अमेरिकेतल्या अनेक देशांचे आवाज आहेत, आणि संहिताही मिळते. आधी ऐका, मग वाचा. उलट केलंत तर कानाऐवजी डोळेच काम करतात. चिली शेवटी ठेवा.